मधे पडायचं, पण त्यांना विचारून
वर एकानं लिहिलंय की परक्याच्या भांडणात पडूच नये, मला नाही पटत. गेल्या पावसाळ्यात कपिलतीर्थ मंडईत एक गिऱ्हाईक मेथीवाल्या आज्जींच्या अंगावर ओरडत होतं, पाचशेची नोट दिली म्हणे आणि सुट्टे शंभरचेच दिले, आज्जींच्या तोंडातनं शब्द फुटेना आणि बघे नुसते मोबाईल काढून उभे. मी त्याच्याशी काहीच बोललो नाही, आज्जींच्या शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, "आज्जी, मी बोलू का?" त्यांनी मान हलवली, कमरेची पिशवी स्वतःच पोत्यावर उलटी केली, दहा-वीसच्या ओल्या नोटा आणि शंभरच्या दोन, पाचशेची एकपण नाही. मग मी एवढंच म्हणालो, दादा बघा की तुम्हीच. गेला बडबडत.

हातघाईवर आलं तर मात्र आधी ११२ लावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५ नुसार दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठी पण बळ वापरता येतं, पण गरजेपुरतंच हां, तो मागं हटल्यावर चार जादा ठेवून दिल्या तर तुम्हीच अडकाल. आणि पोलिसात जायचं का नाही हे ज्याचं भांडण त्यालाच ठरवू द्या, आज्जींना नको होतं, मी परत विषय काढला नाही.