जीआरई व्हर्बल: शब्दयाद्या घोकणं बंद करा

चष्मिष्ट
जीआरई म्हणजे अमेरिकेत वगैरे पुढच्या शिक्षणाला जाताना द्यायची परीक्षा, आणि व्हर्बल हा तिचा इंग्रजीचा भाग, १७० पैकी. त्यावर काल इथे 'घाटावरचा' यांनी छातीठोकपणे लिहिलं, "साडेतीन हजार शब्द पाठ करा, व्हर्बल १६० पार झालंच समजा. बाकी सगळं थोतांड." खाली लगेच 'धन्यवाद सर'ची रांग. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॉलॉजी (शब्दजोड्यांमधलं नातं ओळखणं) ऑगस्ट २०११ मध्येच परीक्षेतून गेले. सुटा शब्द समोर टाकून अर्थ विचारायचे दिवस तेव्हाच संपले. आता २७ प्रश्न, ४१ मिनिटं, त्यातले साधारण निम्मे उताऱ्यांवर. उताऱ्यात पोरं शब्दांमुळे आपटत नाहीत. लेखक स्वतःचं मत मांडतोय की दुसऱ्याचं खोडायला घेतलंय, तिथे आपटतात. रिकाम्या जागांचंही तेच. 'ऑल्दो'ने, म्हणजे 'जरी'ने, सुरू झालेलं वाक्य स्वल्पविरामानंतर उलटं फिरणार, हे ज्याला दिसत नाही तो सगळे अर्थ पाठ असूनही भारदस्त दिसणारा चुकीचा शब्दच उचलणार. स्क्रीनवर तळहात ठेवून पर्याय झाका, जागेत आपला साधा शब्द भरा, मराठीतला असला तरी चालेल. मग हात काढा.

घाटावरचा
नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. आता सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचं सांगा. एक रिकामी जागा, सहा पर्याय, वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन निवडायचे, दोन्ही बरोबर तरच गुण. त्यातले चार शब्द जन्मात पाहिले नसतील तर तळहात ठेवून काय होणार, हात गरम? मी इचलकरंजीचा, घरात यंत्रमाग. माझं व्हर्बल यादीनेच वाढलं. तुमच्यासारख्या इंग्रजी कादंबऱ्या आमच्या घरात नव्हत्या.

चष्मिष्ट
माझ्या घरात काय होतं ते तुम्हाला कुणी सांगितलं बुवा?

उंटावरचा_शहाणा
एवढा आटापिटा कशाला? कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएसच करायचंय ना? क्वांट, म्हणजे गणिताचा भाग, १६८ आणा, व्हर्बल १४८ असलं तरी कुणी अडवत नाही. कोविडनंतर कितीतरी विभागांनी जीआरईची अटच काढली. परीक्षेचे पैसे अर्जांच्या फीला ठेवा.

मास्तरीणबाई
मुळात दुखणं शाळेतलं आहे. सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीत, इतिहास-नागरिकशास्त्र मराठीत. पोराला ओहमचा नियम इंग्रजीत धडाधड म्हणता येतो. पण "अमक्या अभ्यासकाच्या मते असं, मात्र हा युक्तिवाद अपुरा आहे" या धाटणीचं इंग्रजी दहावीपर्यंत त्याच्या समोर फारसं येतच नाही. जीआरईचे उतारे नेमके तसले. विषय विज्ञानाचा असला तरी सूत्र विचारत नाहीत, दोन शास्त्रज्ञांचं कशावरून वाजलं ते विचारतात.

अमरावतीकर
म्हणजे आता इतिहासही इंग्रजीत करायचा? मंग मराठी शाळेले कुलूपच लावा न बाई! आमच्या गावची शाळा या सेमीच्या पाट्यांपायीच ओस पडली.

मास्तरीणबाई
इतिहास इंग्रजीत करा असं मी कुठे म्हटलं? पुन्हा वाचा. लेखकाने लिहिलेलं काय आणि तुम्ही पदरचं घातलेलं काय, याचाच प्रश्न असतो त्या परीक्षेत.

अमरावतीकर
शिकवणी नका घेऊ. तुमची लेकरं कोणत्या माध्यमात हायेत ते सांगा आधी.

मास्तरीणबाई
इंग्रजी. नवऱ्याची बदलीची नोकरी, म्हणून केंद्रीय विद्यालय. झालं समाधान?

अमरावतीकर
हेच ऐकाचं होतं.

उंटावरचा_शहाणा
व्हर्बलचा धागा होता ना हा?

डॅलसकर
उंटावरून जग सीएसचंच दिसतं वाटतं. मी सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करतेय. आमच्याकडे आठवड्याला वाचायला जे देतात त्यापुढे जीआरईचा उतारा म्हणजे पोरखेळ. आणि भारतातून येणाऱ्या अर्जांत क्वांट बहुतेकांचं चांगलंच असतं, तेव्हा निदान व्हर्बल तरी उठून दिसू दे. अजून एक: दुसरा भाग सोपा येणार की अवघड ते पहिल्या १२ प्रश्नांवर ठरतं. तिथे १८ मिनिटं असतात, तीन रिकाम्या जागांच्या एकाच प्रश्नावर पाच घालवू नका. त्यात दोन जागा बरोबर आल्या तरी गुण शून्यच. निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी लोक प्रश्न कोरे सोडून येतात. का, देव जाणे.

उंटावरचा_शहाणा
बरं ताई, पब्लिक हेल्थवाल्यांना सूट दिली.

घाटावरचा
धाकट्या भावाला तळहाताचा तो प्रयोग करायला लावला. तीन जागांच्या प्रश्नांत फरक पडला, कबूल. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये ढिम्म. तेव्हा अर्धे तुम्ही बरोबर. साडेतीन हजारांतले एक हजार ठेवतो, उरलेले तुमच्या नावाने सोडले.

चष्मिष्ट
हजार चालतील. पण वाक्यासकट पाठ करा, नुसते अर्थ नकोत.

घाटावरचा
माझ्या यादीत प्रत्येक शब्दाखाली वाक्य आहेच. धागा काढण्याआधी एकदा उघडून बघितली असतीत तर दिसलं असतं.