एनएफएलचं (अमेरिकन फुटबॉलच्या लीगचं) डेली फॅन्टसी कसं सुरू करावं? (बजेट: पूर्ण हंगामाला ५४ डॉलर)

जर्सीतला_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगा यंदा बॉस्टनला कॉलेजात गेला, १८ वर्षांचा आहे. इतकी वर्षं रविवारी आम्ही दोघं आमच्या लाडक्या जायंट्स संघाची मॅच एकत्र बघायचो. आता फोनवर बोलणं "जेवलास का"च्या पुढे सरकत नाही. म्हणून दर रविवारी दोघांनी डेली फॅन्टसीच्या एकाच काँटेस्टमध्ये टीम लावायची असं मनात आहे, म्हणजे खरे खेळाडू निवडायचे आणि मॅचमधल्या त्यांच्या खेळावर गुण मिळवायचे. ड्राफ्टकिंग्ज या अ‍ॅपवर खेळाडूंना खोट्या किमती असतात आणि त्या ५०,०००च्या मर्यादेत ९ जागा भरायच्या असतात, एवढं वाचलंय. आठवड्याला ३ डॉलर, १८ आठवडे. त्यावर एक सेंट नाही. कुठली काँटेस्ट घ्यावी?

रविवार_दुपार
डबल-अप. पहिल्या वर्षी मी पहिल्या बक्षिसाचा आकडा बघून मोठ्या टूर्नामेंटमध्ये शिरलो. तिथे एकेक जण १५० टीम लावतो आणि आपली एकच असते. पैसे सहा आठवड्यांत संपले. डबल-अपमध्ये निम्म्याहून थोड्या कमी लोकांना दुप्पट मिळतात, मधला हिस्सा कंपनीचा. म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त वेळा जिंकलात तरच फायदा.

ह्यूस्टनचा_खवय्या
३ डॉलरात काय होणार? २०० टाका आणि ऑप्टिमायझरची (टीम सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरची) वर्गणी घ्या. दोन वर्षांपूर्वी मी एकाच संघाचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) आणि त्याचे दोन रिसीव्हर (पास झेलणारे) घेतले होते. एका पासवर टचडाउन (गोलसारखा स्कोअर) झाला की टाकणारा आणि झेलणारा, दोघांचे गुण एकदम चढतात. त्या रविवारी मी चौथा आलो, नवा टीव्ही घेतला.

रविवार_दुपार
बजेट ५४ आहे हो, वर लिहिलंय त्यांनी.

पुणेरी_पाहुणा
इकडे भारतात ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैशांचं फॅन्टसी बंद झालं, ते फार बरं झालं. एका अ‍ॅपवर दोन आयपीएलमध्ये माझे ४० हजार गेले, बायकोला अजून पूर्ण आकडा माहीत नाही. काका, हा जुगारच आहे. पोराला या वाटेला लावू नका.

ह्यूस्टनचा_खवय्या
जुगार नाही. इथे अमेरिकेत २००६च्या केंद्रीय कायद्यातच फॅन्टसीला वेगळं ठेवलंय. अभ्यासाचा खेळ आहे.

पुणेरी_पाहुणा
कायद्याने वेगळं ठेवलं म्हणून गेलेले पैसे परत येतात का?

एडिसनची_सुगरण
मी दोन हंगाम खेळतेय, सगळ्यात महत्त्वाचं कुणीच सांगितलं नाही. मॅचच्या ९० मिनिटं आधी कोण खेळणार नाही याची यादी येते, म्हणजे एकच्या मॅचसाठी साडेअकराला. मंडळाच्या गणपतीत आरतीसाठी मी फोन पर्समध्ये ठेवला आणि नेमका माझा सगळ्यात महागडा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) बाहेर बसला. शून्य गुण! यादी बघितल्याशिवाय टीम सोडू नका. ज्याची मॅच सुरू व्हायची आहे, तो तेवढ्यात बदलता येतो.

टाइट_एंड_पंखा
डबल-अप खेळा, टूर्नामेंट नको. आणि फॅनड्युएल हे दुसरं अ‍ॅप घ्या. तिथे झेलाला अर्धा गुण आहे, ड्राफ्टकिंग्जवर एक. अर्धाच न्याय्य. दोन यार्डांच्या झेलाला अख्खा गुण कशासाठी?

एडिसनची_सुगरण
एक गुण असतो म्हणून तर स्वस्तातले, छोटे छोटे झेल घेणारे रिसीव्हर उपयोगी पडतात. नवशिक्याला तेच परवडतात.

टाइट_एंड_पंखा
मला नाही पटत. ते खरं फुटबॉल वाटत नाही.

चार्ल्स_नदीकाठी
थांबा जरा. मुलगा १८चा आणि बॉस्टनला ना? मॅसॅच्युसेट्समध्ये २०१६च्या नियमांप्रमाणे पैशांच्या डेली फॅन्टसीला २१ वर्षं लागतात. न्यू जर्सीत १८ चालतात. पण अ‍ॅप फोनचं ठिकाण तपासतं, त्यामुळे हॉस्टेलवरून त्याला खेळता येणार नाही.

ह्यूस्टनचा_खवय्या
मग त्याची टीम तुमच्या खात्यातून लावा. सोपं आहे.

चार्ल्स_नदीकाठी
कृपया असं करू नका. दुसऱ्यासाठी आपलं खातं वापरणं नियमांत बसत नाही. खातं गोठलं तर आतले पैसेही अडकतात.

रविवार_दुपार
तुम्ही एकटे खेळा की मग. डबल-अपच घ्या.

जर्सीतला_बाबा
चार्ल्स_नदीकाठी, तुमचे फार आभार. वयाची गोष्ट माझ्या ध्यानीमनीही नव्हती. काल रात्री मुलाशी बोललो, तासभर. खातं उघडत नाहीये. दर शुक्रवारी मी खेळाडूंच्या किमती शीटवर उतरवणार, त्याच ५०,०००मध्ये दोघं नऊ-नऊ निवडणार आणि सोमवारी रात्री गुण मोजणार. झेलाला एक गुण, हे त्याने ठरवलं. प्रत्येकाच्या टीममध्ये एक तरी जायंट्सचा हवा, हे मी ठरवलं. साडेअकराची यादी बघून बदल करायलाही मुभा ठेवली आहे. ५४ डॉलर त्याच्या थँक्सगिव्हिंगच्या तिकिटात घालतो.

ह्यूस्टनचा_खवय्या
पैसे लावल्याशिवाय तिसऱ्या आठवड्यात कंटाळाल.

जर्सीतला_बाबा
बघू. पहिल्या आठवड्याची त्याची टीम आलीसुद्धा, डिफेन्सही (बचावफळीची जागा) जायंट्सचाच घेतलाय.