मदत हवी आहे: ‘देवाचं भय’ तरुणांना कसं समजावू?

सर्वांना जय ख्रिस्त. तरुणांच्या बायबल वर्गात हा विषय घ्यायचाय. मला लेवीय 19:14 फार मोलाचं वाटतं: बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको, आपल्या देवाचं भय बाळग. बहिऱ्याला ऐकू येत नाही, आंधळ्याला दिसत नाही. पकडलं जाण्याची भीतीच नाही, तरी देव पाहतो! शिप्रा आणि पुवा या सुइणींनीही याच भयापोटी मिसरचा राजा फारो याचा इब्री मुलगे जन्मताच मारण्याचा हुकूम मोडून बाळं वाचवली. इथपर्यंत मुलांना पटतं. मग कुणीतरी 1 योहान 4:18 काढतं: पूर्ण प्रीती भीती घालवते. शिक्षेचा धाक आणि आदरयुक्त भय यांतला फरक रोजच्या वागण्यातून कसा दाखवाल? (नरकाची भीती घालून शिकवायचं नाही, हे पक्कं.) कुणी हा धडा घेतला असेल तर सुरुवात कुठून केलीत, कृपया सांगा.