घरच्या छोट्या लँग्वेजचा कंपायलर आणि लिंटर सुधारायचाय, आधी काय हातात घेऊ?

चाकण_बेंच

मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज, कारण कंपनीने तीन महिने दिलेत आणि ते भलत्याच कामात घालवायचे नाहीयेत.

मी कोथरूडहून रोज चाकणला जातो, एका कारखान्यात टेस्ट बेंचचं सॉफ्टवेअर बघतो. बेंचसाठी आमची एक छोटी घरचीच लँग्वेज आहे, जुन्या सीनियरने याक या जुन्या टूलवर लिहिलेली. व्हॉल्व्ह बेंचवर लावायचा आणि स्क्रिप्टमध्ये सांगायचं की प्रेशर इतकं चढव, इतके सेकंद थांब, रीडिंग घे, लिमिटच्या बाहेर गेलं तर पार्ट रिजेक्ट. स्क्रिप्ट लिहिणारी पोरं डिप्लोमावाली, मशीनचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगतील, पण प्रोग्रामिंग ही त्यांची लाइन नाही आणि ती असावी अशी अपेक्षापण नाही.

आता प्रॉब्लेम. गेल्या महिन्यात रात्रपाळीला एका मुलाचा आतल्या लूपचा 'एंड' राहिला. कंपायलर (स्क्रिप्ट मशीनला कळेल अशी करणारा प्रोग्राम) म्हणतो 'लाइन २१४, सिंटॅक्स एरर', बस एवढंच. २१४ ही फाइलची शेवटची ओळ, तिथे काहीच नाही. चूक होती एकेचाळिसाव्या ओळीच्या लूपमध्ये. तो दीड तास शोधत बसला, शेवटी पहाटे तीनला मला फोन केला, आवाज असा होता की जणू त्याचाच गुन्हा आहे. मला फार वाईट वाटलं हो, कारण चूक कुठे आहे ते कंपायलरने सांगायला पाहिजे होतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. एका स्क्रिप्टमध्ये लीकेजचं रीडिंग घेतलं, व्हेरिएबलमध्ये ठेवलं, पण लिमिटशी ताडलंच नाही. म्हणजे लीकेजसाठी प्रत्येक पार्ट पास. दोन महिने. नशीब लॉट गोडाउनमध्येच होता, सगळा परत टेस्ट केला. आणि खरं सांगायचं तर लिंटरने (स्क्रिप्ट न चालवता संशयास्पद जागा दाखवणारं टूल) ते पकडलं होतं! 'व्हेरिएबल वापरलं नाही' अशी वॉर्निंग होती, पण एकूण वॉर्निंग ६४० आणि त्यातल्या बहुतेक स्पेस आणि नावांच्या, त्यामुळे ती यादी कोणी उघडतच नाही.

पार्सर (स्क्रिप्टची रचना ओळखणारा कंपायलरचा भाग) नवीन लिहू का? की आधी नवे लिंट रूल टाकू, बार आणि पीएसआय या प्रेशरच्या एककांची सरमिसळ पकडणारा वगैरे? मी एकटाच आहे.

बाणेर_टोकन

पार्सर नवीन लिहू नकोस, निदान आत्ता तरी नको. एकटा माणूस आणि तीन महिने, सगळे त्यातच जातील आणि पोरांना दिसेल असा फरक शून्य.

मी बरीच वर्षं कंपायलरवर काम केलंय. अनुभव सांगतो, पहिलं काम लोकेशनचं. प्रत्येक टोकनची (शब्द, आकडा किंवा चिन्ह) सुरुवातीची आणि शेवटची लाइन-कॉलम जपून ठेव. तुझी ग्रामर (लँग्वेजचे रचनेचे नियम) बायसनवर, म्हणजे याकच्या नव्या भावंडावर, बहुतेक थोड्या बदलात चालेल आणि बायसनमध्ये लोकेशन ट्रॅकिंग आयतं मिळतं, फक्त लेक्सरने (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) कॉलम नीट मोजायला हवा. हे झाल्याशिवाय चांगला मेसेज लिहिताच येत नाही, कारण बोट कुठे दाखवायचं तेच माहीत नसतं.

मग तुझ्या त्या 'एंड'चं. पार्सरला चूक जिथे कळते ती जागा वेगळी आणि माणसाने जिथे केली ती वेगळी, आणि मेसेजमध्ये दोन्ही हव्यात. पायथनमध्ये हेच रडगाणं होतं, कंस उघडा राहिला की एरर पुढच्याच कुठल्यातरी ओळीवर यायची जी बिचारी बरोबर असायची. ऑक्टोबर २०२१ला ३.१० ही आवृत्ती आली तेव्हापासून ते सरळ उघडणाऱ्या कंसाकडे बोट दाखवून सांगतं की हा बंदच झाला नाही. त्याच्या आधीच्या ३.९मध्ये पार्सर बदलला होता म्हणून ते सोपं गेलं, पण तुझ्या केसमध्ये तेवढंही लागणार नाही. ब्लॉक उघडला की लेक्सरमध्येच त्याची जागा स्टॅकवर (शेवटी टाकलेलं आधी निघतं अशी यादी) टाक, 'एंड' आला की काढ, फाइल संपताना जे उरलं ते सांग.

आणि एका चुकीमागून वीस एरर येत असतील तर तेपण थांबव. ज्या एक्स्प्रेशनचा टाइप (आकडा, मजकूर वगैरे प्रकार) कळला नाही त्याला 'बिघडलेला' असा खास टाइप दे आणि त्याच्याबद्दल पुढे कोणी तक्रार करायची नाही असं ठरव. रस्ट या लँग्वेजचा कंपायलर आतून असंच करतो.

एक अजून. कंपाइल फेल झालेल्या स्क्रिप्ट दोन आठवडे गोळा कर. कुठली चूक जास्त होते ते तुला वाटतं ते नसतं, दर वेळी नसतं. आणि त्या स्क्रिप्टच तुझ्या टेस्ट होतील, शेजारी अपेक्षित मेसेजची फाइल ठेवायची, मेसेज बदलला की डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्यातल्या फरकात, दिसतो. रस्टवाले त्यांच्या कोडच्या साठ्यात एरर मेसेज असेच सांभाळतात.

लिंट_वाचक

मी लिंटरच्या बाजूने बोलते. नवीन रूल आत्ता एकही टाकू नका. आधी ६४० चं काय ते बघा, कारण न वाचल्या जाणाऱ्या यादीत ६४१वी वॉर्निंग टाकून तुमचा बार-पीएसआयचा मुद्दापण तिथेच बुडेल. (तो रूल खरंच हवाय, १ बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय, सरमिसळ झाली तर नुसती चूक नाही, अपघात आहे. पण नंतर.)

गुगलच्या लोकांनी २०१८ साली त्यांच्या स्टॅटिक ॲनालिसिसच्या (कोड न चालवता तपासण्याच्या) अनुभवावर लेख लिहिला होता, त्यातली एक गोष्ट मी तेव्हापासून धरून आहे. वॉर्निंग तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे का हे ते विचारतच नाहीत, वाचून माणसाने काही केलं का हे विचारतात. काही केलं नाही तर त्यांच्या हिशोबी ती खोटीच वॉर्निंग, आणि कोड रिव्ह्यूमध्ये दिसणाऱ्या चेकसाठी असं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली पाहिजे. या फूटपट्टीवर तुमच्या स्पेसच्या वॉर्निंग मोजा म्हणजे कळेल. स्पेसचं काम फॉर्मॅटरला (मांडणी आपोआप नीट करणारं टूल) द्या, त्याने गुपचूप नीट करून टाकावं, माणसाला त्याबद्दल बोलूच नये.

बाकी रूलचे सरळ दोन कप्पे करा. एक, ज्यात चूक जवळपास नक्कीच आहे, तिथे बिल्ड थांबवायचं. रस्टच्या क्लिपी या लिंटरमध्ये शेकडो लिंट, म्हणजे रूल, आहेत पण 'करेक्टनेस' नावाचा गटच फक्त डिफॉल्टने एरर देतो, आणि 'पेडँटिक' गट तर मुद्दाम बंद ठेवलेला असतो, ज्याला हवा त्याने चालू करावा. दोन, सल्ला, आणि तो फक्त बदललेल्या ओळींवर. जुन्या स्क्रिप्टच्या वॉर्निंग एका फाइलमध्ये नोंदवून बाजूला ठेवा, आजपासून नवीन येईल तेवढीच दाखवा.

लीकेजच्या प्रकाराशी अगदी मिळतंजुळतं उदाहरण आहे. फेब्रुवारी २०१४मध्ये ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित कनेक्शन) कोडमधली 'गोटू फेल' म्हणजे 'फेल' नावाच्या जागी उडी मार, ही ओळ दोनदा पडली होती. दुसरी 'इफ'च्या बाहेर, म्हणजे ती कायमच चालायची आणि पुढची सही तपासायची पायरी गाळली जायची. खालचा कोड कधीच चालणार नाही हे ओळखणारी वॉर्निंग क्लँग या कंपायलरमध्ये होती, पण नेहमी चालू ठेवतात त्या संचात ती नव्हती. नंतर २०१६ला जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या ६व्या आवृत्तीत फसव्या इंडेंटेशनची (ओळीआधी सोडलेल्या जागेची) वॉर्निंग आली आणि ती मुद्दाम नेहमीच्या संचात घातली. तुमची वॉर्निंग चालू होती पण ढिगाऱ्यात होती, परिणाम तोच.

चाकण_बेंच

दोघांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार बसून स्टॅकचं केलं, पण अडलोय. आतल्या लूपचा 'एंड' राहिला की पुढचा 'एंड', जो खरा बाहेरच्या ब्लॉकचा आहे, तो आतल्याला लागतो, मग सगळं एकेक घर सरकतं आणि शेवटी उरतो सर्वात बाहेरचा. म्हणजे आता २१४च्या ऐवजी १२ नंबरची ओळ दाखवतोय. चूक ४१लाच आहे.

बाणेर_टोकन

हो, माझ्याकडून हे सांगायचं राहिलं. स्टॅकवर लाइनबरोबर कॉलम टाकतोयस ना, तो वापर. 'एंड' आला की त्याचं इंडेंटेशन ज्या ब्लॉकला तो बंद करतोय त्याच्याशी जुळतं का बघ. पहिल्यांदा जिथे जुळणार नाही, तो ब्लॉक संशयित. लगेच एरर द्यायची नाही, नुसतं लक्षात ठेवायचं, आणि फाइल संपताना खरंच काही उघडं राहिलं तरच ते नाव पुढे करायचं. माणूस कॉम्प्युटरसाठी 'एंड' लिहितो आणि स्वतःसाठी इंडेंट करतो, तेव्हा त्याच्या मनात काय होतं हे इंडेंटेशनवरूनच कळतं. रस्टमध्ये महिरपी कंस चुकला की असाच अंदाज बांधतात. टॅब आणि स्पेस मिसळलेल्या असतील तर मात्र आधी तुमचा तो फॉर्मॅटर लागेल.

नागरी_फाँट

एक विचारू का, स्क्रिप्टमध्ये ऑपरेटरला दाखवायचे मेसेज मराठीत आहेत का? असतील तर कॉलम मोजताना जपा, मी यात पोळलोय.

'नमस्कार' घ्या. यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत २१ बाइट, युनिकोड कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाचा क्रमांक) ७, आणि डोळ्याला दिसतात चार अक्षरं, न म स्का र. लेक्सर बाइट मोजत असेल तर त्या ओळीवर एररच्या खालची खूण १७ घरं पुढे जाऊन पडते, भलत्याच शब्दाखाली. अक्षरांचे गट मोजायची लायब्ररी वापरलीत तरी जुन्या युनिकोडप्रमाणे उत्तर ५ येतं, कारण जोडाक्षर एकच धरायचा नियम २०२३च्या १५.१मध्ये आला. वर टर्मिनल ते किती रुंद काढेल ते फाँटवर. म्हणून मी तर अशा ओळीवर बाणाचा नाद सोडला, चुकलेला शब्द मेसेजमध्येच अवतरणात देतो. एडिटरला जोडणार असाल तर तिथे तिसरंच, एडिटरशी बोलायचा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल डिफॉल्टने यूटीएफ-१६ या वेगळ्या पद्धतीची युनिट मोजतो.

आणि न दिसणारी अक्षरं पकडणारा रूल लावाल तेव्हा आपला 'र' आठवा. 'दुसऱ्या' मधला तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो, एकतर नुक्त्याच्या ऱ ने, नाहीतर साध्या र नंतर हलंत आणि न दिसणारा जोडक घालून. दुसरा प्रकार बरीच मंडळी वर्षानुवर्षं वापरतात. आमच्या लिंटरने तो जोडक सरसकट संशयास्पद ठरवला आणि नेमक्या मराठी ओळीच लाल झाल्या. तो रूल स्ट्रिंगच्या बाहेर कडक ठेवा, आत तेवढा जोडक चालू द्या.

हडपसर_सीआय

कप्प्यांच्या मुद्द्यावर थोडी असहमती. न वापरलेलं रीडिंग थेट एरर केलंत तर बेंचसमोर उभा राहून ट्रायल घेणारा माणूस वैतागेल. गो या लँग्वेजमध्ये न वापरलेलं व्हेरिएबल आणि इंपोर्ट (बाहेरचा कोड आत घेणारी ओळ) दोन्ही कंपाइल एरर आहेत, डीबग करताना एक ओळ कमेंट केली की लगेच वरची इंपोर्ट रडते, मग लोक नुसतं गप्प करायला कुठेतरी खोटा वापर घालतात. तुमच्या पोरांनी रीडिंग खोटंच कुठेतरी वापरून टाकलं तर वॉर्निंगपण गेली आणि टेस्टपण.

माझ्या मते ट्रायल मोडमध्ये चालू द्या, स्क्रिनवर मोठ्ठं दिसू द्या की हे रीडिंग तपासलेलं नाही, आणि लाइनवर पाठवायच्या बिल्डला मात्र ठाम नकार.

लिंट_वाचक

@हडपसर_सीआय हे पटलं, माझ्या डोक्यात ट्रायल मोड आलाच नव्हता. फक्त एक जोडते, खरंच नुसतं नोंदीसाठी घेतलेलं रीडिंग असेल तर ते तसं लिहायची सोय द्या, आणि कारण लिहिणं सक्तीचं करा. रस्टमध्ये २०२४पासून 'एक्स्पेक्ट' आलंय, म्हणजे ही वॉर्निंग येणार हे मला माहीत आहे असं लिहायचं, आणि पुढे ती यायची बंद झाली की कंपायलर उलट सांगतो की हे आता काढ. जुनी सूट विसरून राहत नाही.

आणि ऑटोफिक्स (टूलने स्वतःच केलेली दुरुस्ती) लिमिटच्या आकड्यांना आणि युनिटला अजिबात लावू नका. सुचवा, पण बदल माणसानेच करायचा.

चाकण_बेंच

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, सॉरी.

इंडेंटेशनचं चाललं. त्याच जुन्या फाइलवर आता मेसेज असा येतो: 'ओळ ४१ वर सुरू केलेला "रिपीट" बंद झालेला नाही. ओळ ५८ चा "एंड" त्याच्यासाठी आहे असं इंडेंटेशनवरून वाटत नाही. ५८ च्या आधी एक "एंड" लागेल का बघा.' मराठीत ठेवलाय मुद्दाम, आणि 'सिंटॅक्स' हा शब्द सगळीकडून काढला. @नागरी_फाँट तुमचं बघून लेक्सर तपासला तर खरंच बाइट मोजत होता, आणि आमचे सगळे डिस्प्ले मेसेज मराठीत आहेत, थोडक्यात वाचलो.

फेल झालेल्या स्क्रिप्ट गोळा केल्या तर सर्वात जास्त चूक 'एंड'ची नाहीच निघाली, सेन्सरच्या नावाच्या स्पेलिंगची निघाली. आता जवळचं नाव सुचवायचं घेतलंय, एडिट डिस्टन्स (किती अक्षरांचा फरक) काढून, पण पी१२ आणि पी१३ मध्ये फरक एकाच अक्षराचा आणि दोन्ही खरे सेन्सर, त्यामुळे नुसता आकडा वेगळा असेल तर एक नाव पुढे न करता त्या बेंचच्या सगळ्या सेन्सरची यादीच दाखवतोय.

स्पेस आणि नावांचे रूल लिंटरमधून काढले. उरल्या २३ वॉर्निंग, शिफ्ट सुपरवायझरबरोबर बसून एकेक वाचल्या. त्यात अजून एक न तपासलेलं रीडिंग सापडलं, दुसऱ्या बेंचवरचं. आज दुपारी ती स्क्रिप्ट थांबवली, उद्या सकाळी त्याचा लॉट परत लावतोय.