कोरड्या घाटात फोर-एच: थोडी भर
चोरला घाटात रस्ता कोरडा असला तरी पिकअप फोर-एचमध्येच (इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी, नेहमीच्या वेगाची स्थिती) ठेवावी, वळणावर पकड वाढते, असा सल्ला दिला जातो; ते मला पटत नाही. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या गाड्यांत मधला डिफरन्शियल (पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) नसतो, त्यामुळे फोर-एच लावताच पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे दांडे) ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत) एकमेकांशी जखडले जातात आणि त्यांना समान वेगानेच फिरावे लागते. वळणावर मात्र पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. हा फरक चिखलात किंवा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या लाल मातीच्या रस्त्यावर चाक किंचित घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर टायर सहजी घसरत नाही आणि सगळा पीळ शाफ्ट, गिअर व जॉइंटवर साठत जातो. मडगावच्या बाजारात फोर-एचमध्ये स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी लावताना ती ब्रेक दाबल्यासारखी अडखळत उड्या मारते, ती याचमुळे. पुढची-मागची टायर कमी-अधिक झिजलेली असतील, तर सरळ रस्त्यावरही पीळ बसतो. (ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच असतात, त्यामुळे उतारावर थांबण्यासाठीही फोर-एचचा उपयोग नाही.)

टू-एच (फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी स्थिती) निवडूनही डॅशबोर्डवरचा फोर-एचचा दिवा विझत नसेल, तर लिव्हरशी झटापट न करता स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी थोडी मागे घ्यावी. बहुधा तेवढ्याने सुटते. मधला डिफरन्शियल असलेल्या, कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना, तो लॉक केलेला नसेल तर, हे लागू नाही.