मदत हवी आहे: बडोद्यात कॅम्पसवर भोंडला करायचाय, गाणी आणि खिरापत सुचवा

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचीच, एम. एस. युनिव्हर्सिटीत एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे नवरात्र म्हणजे गरबा, चनियाचोळीच्या गप्पा महिनाभर आधीच सुरू होतात, आणि मलाही गरबा जीव की प्राण आहे, फाइन आर्ट्सला एकदा गेलं की पाय दुखेपर्यंत निघवत नाही. पण यंदा मला कॅम्पसवर एक संध्याकाळ भोंडला करायचाच आहे.

आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घरात आजी दरवर्षी करायची. पाटावर तांदळाने हत्ती काढायची, सोंड नेहमी वर उचललेली, डोळ्याच्या जागी एक गुंज. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. तिची गाण्यांची वही माझ्याकडे आहे पण पावसात कपाटात पाणी शिरलं तेव्हा मागची पानं एकमेकांना चिकटली, सोडवायला गेले तर शाई वरच्या पानावर उतरली. नऊ गाणी नीट वाचता येतात, बाकीची अर्धीमुर्धी.

तर पहिली मदत म्हणजे गाणी. सासू सुनेला कारल्याचं बी पेरायला लावते आणि मग माहेरी जा म्हणते ते सगळ्या कडव्यांसकट कोणाकडे आहे का? माझ्याकडे फक्त फूल येईपर्यंतचं आहे. तुमच्या आई-आजीकडून ऐकलेलं असेल तसंच टाका, गावागावात शब्द बदलतात हे माहितीये, उलट तेच हवंय.

दुसरं, दिवस कोणता धरू? नवरात्रात सहा वाजल्यापासून मुली तयार व्हायला लागतात, त्यांना पाचला बोलावलं तरी मन घड्याळात. आमच्याकडे आजी घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंतच करायची, पण काही घरांत कोजागिरीपर्यंत चालतो असं ऐकलंय. तसं असेल तर दसरा ते कोजागिरीमधला एखादा दिवस फार सोयीचा पडेल. फक्त सूर्य हस्त नक्षत्रात असताना करायचा म्हणून तर पाटावर हत्ती, आणि हस्त १० ऑक्टोबरच्या आसपास संपतं, मग नवरात्र उशिरा आलं की तुम्ही काय करता? ज्यांच्या घरी हा प्रश्न आलाय त्यांनी प्लीज सांगा.

तिसरं खिरापत. होस्टेलच्या रूममध्ये गॅस चालत नाही, तीसेक मुली येतील, त्यातल्या निम्म्या गुजराती, दोघी केरळच्या. डबा हलवून आवाजावरून ओळखायचं हीच तर सगळी मजा, त्यामुळे दुकानातून आणलेलं फरसाण नको, वासावरूनच कळतं. न शिजवता होणारं आणि पटकन ओळखू न येणारं काय करता येईल? दाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू डोक्यात आहेत पण दोन्ही लगेच ओळखतील.

आणि एक, गुजराती मैत्रिणींना अर्थ कसा सांगू? मधोमध गरबो, म्हणजे आत दिवा लावलेला मातीचा घट, ठेवून फेर धरणं त्यांना रक्तात आहे, इथे गरब्याच्या जागी हत्ती, एवढं सांगितलं की पावलं आपोआप पडतील, पण सासर-माहेरची गाणी कळली नाहीत तर नुसतं गोल फिरणं होईल. कोणी अमराठी मुलींसोबत भोंडला केला असेल तर अर्थ आधी सांगितला की प्रत्येक गाण्याआधी दोन ओळी, काय जमलं ते लिहा.

वहीतल्या पानांचे फोटो आज रात्री खाली टाकते, ज्यांना ओळी ओळखू येतील त्यांनी भरून द्या.