पोलादी सायकलवर टवके उडालेल्या जागी पावसाळ्याआधी काय लावावे?

किनाऱ्यावरचा सायकलस्वार (प्रश्न)

मी रत्नागिरीत समुद्राजवळ राहतो. माझ्या सायकलची फ्रेम पोलादी असून तिच्यावर पावडर कोटिंग (भट्टीत तापवून बसवलेला भुकटीचा रंग) आहे. चेन घासून उजव्या चेनस्टेवरचा (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) आणि कुलपाची साखळी आपटून सीट ट्यूबवरचा (सीटखालची उभी नळी) रंग काही ठिकाणी टवका उडून निघाला आहे, आणि त्या जागी लोखंड तांबूस दिसू लागले आहे. संपूर्ण फ्रेम रंगवून घेण्याचा विचार नाही. रंगाची छटा तंतोतंत जुळली नाही तरी चालेल, परंतु गंज पुढे सरकू नये. नुसते रेडऑक्साइड (रंगाखाली देतात तो तांबडा प्रायमर) लावून ठेवले तर पावसाळा निघेल का? काही जण नेलपॉलिश सुचवतात, तेही योग्य आहे का?

जुनी सायकल

नुसते रेडऑक्साइड पुरणार नाही. प्रायमरमध्ये रंगद्रव्याचे प्रमाण जास्त असल्याने त्याचा थर निस्तेज आणि काहीसा सच्छिद्र असतो. वरचा रंग त्याला घट्ट धरून राहतो तो त्यामुळेच, पण वर रंग दिला नाही तर त्याच छिद्रांतून ओल लोखंडापर्यंत पोहोचते.

तुमच्याकडे खरा शत्रू मीठ आहे. ते हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून पाऊस नसतानाही धातू ओलसर राहतो; आणि मिठावरच रंग चढवला, तर ते रंगाच्या थरातून पाणी खेचून घेते व काही महिन्यांत तिथे फोड येतात. म्हणून पॉलिश पेपर हातात घेण्यापूर्वी ती जागा गोड्या पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी. हे काम बहुतेक जण टाळतात, आणि रंग न टिकण्याचे कारण पुष्कळदा तेच असते.

त्यानंतर टवक्याची कड नखाने उचलून पाहा. पावडर कोटिंगचा थर जाड असतो आणि गंज त्याच्याखाली शिरतो, त्यामुळे वरून तांदळाएवढा दिसणारा डाग आत बराच पसरलेला निघू शकतो. सुटलेला सगळा रंग काढून टाकावा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासावे, आणि मग ३२० नंबरने जुन्या रंगाची कड अशी उतरती करावी की बोट फिरवताना पायरी लागणार नाही. खड्ड्यांत काळसर गंज राहिलाच, तर फॉस्फरिक आम्लाचे गंजरोधक द्रावण डब्यावरच्या सूचनेप्रमाणे लावावे. शेवटी स्वच्छ फडक्याने थिनर फिरवून जागा कोरडी करावी आणि तिला पुन्हा हात लावू नये.

प्रायमर त्याच तासाभरात लागला पाहिजे, कारण दमट हवेत उघडे लोखंड दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. प्रायमरचे दोन पातळ हात आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. प्रत्येक हात रात्रभर वाळू द्यावा आणि शेवटचा हात जुन्या रंगावर थोडा चढवावा. आटे, बेअरिंगच्या बैठका आणि चाकाचा आस जिथे आवळला जातो ती जागा मात्र रंगवू नये.

रंगकाम

वरील सर्व मान्य आहे. वेळेबाबत एवढेच जोडतो की रंग दुपारी लावावा. सकाळी लोखंड थंड असते व त्यावर डोळ्यांना न दिसणारे दव राहते. शिवाय थिनर उडताना पृष्ठभाग आणखी थंड होतो, त्यामुळे दमट दिवशी काही रंगांवर पांढुरकी झाक येते.

नेलपॉलिश म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज लॅकर. टाचणीच्या डोक्याएवढ्या टवक्यावर, जागा घासून, ते चालते. मोठ्या जागेवर ते ठिसूळ होऊन तडकते. ऑइलपेंटवर ते कधीही लावू नये, कारण त्यातील द्रावके खालचा थर सुरकुतवतात.

किनाऱ्यावरचा सायकलस्वार

दोघांचेही मनापासून आभार. काम सुरू करताना सीट पोस्ट (सीटचा दांडा) काढून सायकल उलटी केली, तेव्हा आतून तांबूस पाणी आले. बाहेर रंग देऊन मग उपयोग आहे का?

जुनी सायकल

उपयोग आहे, पण आधी आतले पाहावे लागेल. सीट पोस्टच्या कडेने शिरलेले पाणी नळीतून उतरून बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलचा आस फिरतो त्या भागात) साचते. त्याच्या खालच्या बाजूस निचऱ्याचे छिद्र असल्यास ते मातीने बुजलेले आहे का ते तपासा. बॉटम ब्रॅकेट उतरवून फ्रेम दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, आणि मग नळ्यांच्या आत मेणयुक्त गंजरोधक स्प्रे किंवा उकळलेले जवसाचे तेल सोडून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, म्हणजे आतून सलग थर बसेल. जवसाच्या तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. ते पाण्यात बुडवून ठेवा किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवा. सीट पोस्ट परत बसवताना त्याला ग्रीस लावा.

हे सर्व करण्यापूर्वी बॉटम ब्रॅकेटजवळच्या नळ्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. पत्रा कुठेही दबला, तर रंगाचा डबा घेऊ नका. ती फ्रेम वेल्डरला दाखवल्याशिवाय चालवू नका.